चांगुणाबाईचा रणपिसे

विंचूरच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून शेताकडे वळलं की वाल्मीक आप्पांचं द्राक्षांचं पॅकहाऊस लागतं. पांढऱ्या पत्र्याची लांबलचक शेड. जानेवारी ते एप्रिल इथे साठ-सत्तर बायका पांढरा एप्रन, डोक्याला जाळीची टोपी आणि तोंडाला मास्क लावून टेबलांशी उभ्या असतात, आणि सगळ्या एकसारख्या दिसतात. त्यांच्यात चांगुणाबाई कोणती हे ओळखायची एकच खूण होती. जिच्या आजूबाजूच्या बायकांच्या माना तिच्याकडे किंचित कललेल्या दिसतील, ती चांगुणाबाई.

ती बावन्न वर्षांची. पॅकहाऊसमध्ये प्रत्येकीला नंबर असतो, हिचा पंधरा. चौदा हंगाम तिने इथे घड कातरून डबीत भरण्यात घालवले. हंगाम संपला की विंचूरलाच कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायचं, भर उन्हात. घरी नवरा सहादू, दोन गाई आणि पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, एक पुस्तक.

ते पुस्तक वणीच्या यात्रेतलं. तिच्या थोरल्या भावाने, चंदरने, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून ते घेतलं आणि बापाच्या भीतीने कडब्यात लपवलं. कडब्यातून चांगुणेने पळवलं. तेव्हा ती सातवीत होती. चंदर आता साठीला आला, पण पुस्तक गाईने खाल्लं अशीच अजून त्याची समजूत आहे, आणि चांगुणाबाईने ती मोडलेली नाही. वरचं कव्हर तेव्हाच गेलेलं होतं, त्यामुळे लिहिणारा कोण ते तिला कधीच कळलं नाही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मात्र नाव छापलेलं होतं: सहा नंबरची चौकी. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, मुली झाल्या, मुलींची लग्नं झाली, आणि या सगळ्यात पुस्तक किती वेळा वाचून झालं याचा तिने हिशेब ठेवला नाही. सहादू म्हणायचा, "तुझं लगीन त्या रणपिश्याशीच लावायला पाह्यजे व्हतं." ती म्हणायची, "त्यानं मागणीच घातली नाय ना."

रणपिसे म्हणजे त्या चौकीचा इन्स्पेक्टर. दिसायला काही नाही. बुटका, एक गुडघा दुखरा, खिशात कायम चणे. पण नियम मोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. परवाना नसताना लोकांच्या घरात शिरतो, परक्याची पत्रं फोडतो, चोराला कोठडीत न टाकता चहाच्या टपरीवर बसवून भजी खाऊ घालतो आणि तिथेच त्याच्याकडून सगळं काढून घेतो. मुंबईत कापसाच्या एका गोदामाला आग लागते, राखणदार जळून मरतो. कंदील कलंडला म्हणून आग लागली, असं सगळे म्हणतात. रणपिसे राखेतून कंदील उचलतो, हलवून बघतो, तर आत तेल काठोकाठ. म्हणजे कंदील त्या रात्री पेटलेलाच नव्हता. आणि तिथून तो सुटतो तो थेट धर्मादाय दवाखाने चालवणाऱ्या, गळ्यात हार पडणाऱ्या एका बड्या शेटजीच्या दारापर्यंत.

चांगुणाबाईला या पुस्तकातली एक गोष्ट फार आवडायची. खुनी कोण, हे चाळिसाव्या पानावरच सांगून टाकलेलं होतं. शेवटपर्यंत नाव दडवून वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं कुणालाही जमेल, असं तिचं मत. आधीच सांगून टाकायचं, आणि तरी पुढची दोनशे पानं माणसाला जागचं हलू द्यायचं नाही, याला खरी अक्कल लागते. शिवाय रणपिश्याला वाईट वाटलं, राग आला, असं त्या लिहिणाऱ्याने कुठेही लिहिलं नव्हतं. रणपिसे फक्त नळावर जाऊन हात धुवायचा. किती वेळ हात धुतले, त्यावरून आपण ओळखायचं. हे तिच्या कितव्या तरी वाचनात लक्षात आलं, आणि त्या दिवशी ती भाकरी थापता थापता एकटीच हसली होती.

तर ही गोष्ट ती हॉलमध्ये सांगायची. तीन वर्षांपासून. दर हंगामात एकदा, पहिल्या पानापासून. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: बोलू नये, खाऊ नये, दागिने घालू नयेत. पण थंड हवेच्या पंख्यांचा एवढा घरघराट असायचा की चार हातांपलीकडे आवाज जात नसे, आणि मास्कमुळे ओठ हलताना दिसत नसत. मास्क द्राक्षांसाठी दिले होते, चांगुणाबाईला त्याचा असा उपयोग झाला. तिच्या टेबलाच्या बायकांनी आपसात एक पद्धतही पाडली होती. सांगणारीचं चित्त गोष्टीत असतं, म्हणून तिच्या वाट्याचे निम्मे घड दोन्ही बाजूच्या दोघींनी कातरून द्यायचे. त्यामुळे पंधरा नंबरचे बॉक्स कधी कमी भरले नाहीत.

ऐकणाऱ्यांत सगळ्यांत पुढे दोघी. एक सिंधुबाई, टेबलाच्या टोकाला वजनकाट्यावर उभी असलेली, जिने ही गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत असूनही कधी तसं दाखवलं नाही. दुसरी पिंकी, चौदा नंबर. बावीस वर्षांची, लग्नाला सहा महिने झालेली, आणि गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असलेली. घाबरायची, हसायची, मध्येच "मारलं का त्याला?" असं विचारायची. अशी एक ऐकणारी असली की सांगणारीला दहा हत्तींचं बळ येतं.

त्या आठवड्यात हॉलभर आणखी एक कुजबूज होती. आप्पा एका बाईला बारमाही ठेवणार होते. हंगाम संपल्यावरही कामावर, शीतगृहातल्या मालाच्या तपासणीला, डोक्यावर छप्पर, बाराही महिने पगार. सुपरवायझर वेदिका मॅडमनी चांगुणाबाईचं नाव वर दिलं होतं. शनिवारी ठरणार होतं. वेदिका सव्वीस वर्षांची, शेतकी शिकलेली, रोज नाशिकहून इंदिरानगरातून येणारी. कडक, पण खोटं न बोलणारी पोर. तिने चांगुणाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मावशी, तुमच्या हाताखालून गेलेला एकही बॉक्स परत आलेला नाही. मी तेच लिहिलंय. आता शनिवारपर्यंत काही गडबड नको." चांगुणाबाईने घरी हे सहादूला सांगितलं, आणि त्या संध्याकाळी त्याने तिच्या पाठीला स्वतःहून तेल चोळून दिलं. चौदा उन्हाळे कांद्याच्या खळ्यावर वाकलेली ती पाठ होती. पुढचा उन्हाळा सावलीत जाणार, या विचाराने तिला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

शनिवार दोन दिवसांवर राहिला आणि गुरुवारी गोष्टीचं एकोणिसावं प्रकरण आलं.

एकोणिसावं प्रकरण म्हणजे रणपिसे नोकरीतून तात्पुरता निलंबित झालेला, अंगावर वर्दी नाही, हातात परवाना नाही, आणि तो शेटजीच्या बंद बंगल्यात मागच्या जिन्याने शिरतो. सकाळचा चहा झाल्यावर चांगुणाबाईने सुरुवात केली. रणपिश्याने पहिल्या पायरीवर बूट काढले. जिन्याच्या वळणावर त्याचा गुडघा कुरकुरला. वरच्या खोलीचं दार त्याने हळूच ढकललं. घर रिकामं असायला हवं होतं. आणि अंधारात, अगदी दाराच्या मागून, कुणीतरी खोकलं.

"अगं बाई!" म्हणून पिंकीने छातीशी हात नेला. एप्रनच्या आत, गळ्याशी, तिने मंगळसूत्र घातलेलं होतं. बांगड्या काढून द्यायला नव्या सुना कुरकुरत नाहीत, पण गळ्यातलं काढून दुसऱ्याच्या डब्यात ठेवणं कुणाच्या जिवावर येत नाही? नवरा दीपक ट्रकवर, आठवड्याचे चार दिवस रस्त्यावर. ती ते आत दडवूनच यायची. घाबरलेल्या हाताच्या बोटात पोत अडकली, आणि हिसक्यासरशी काळे मणी टेबलावर सांडले.

आता इथे शहरातली एखादी असती तर ओरडली असती, "अरे, माझं मंगळसूत्र तुटलं." पिंकीने तोंडातून अक्षर काढलं नाही. पोत 'तुटली' असं सवाष्णीने म्हणायचं नसतं, 'वाढली' म्हणायचं, आणि नवरा रस्त्यावर असताना तर तेही नाही. तिने वाट्या उचलल्या, हाताला लागतील तेवढे मणी एप्रनच्या खिशात भरले, पायाने खालचे ओढले, आणि घड कातरू लागली. बाजूच्या बायकांनी पाहिलं. त्याही तेच शिकलेल्या, म्हणून त्याही गप्प. दोघींनी टेबलावरचे दोन-चार मणी वेचून गुपचूप तिच्या खिशात टाकले. चांगुणाबाई रणपिश्यासोबत अंधारात उभी होती, तिला हे काहीच कळलं नाही.

कळलं ते जेवणाच्या सुट्टीत. मागच्या पत्र्याखाली बायका डबे सोडून बसल्या होत्या. पिंकी एका कडेला दोऱ्यात मणी ओवत होती आणि तिचे डोळे गळत होते.

"काय गं, सासूनं काय म्हटलं का?" चांगुणाबाईने विचारलं.

"नाय मावशी." पिंकीने मूठ उघडली. "वाढली ती. सकाळी, खोकल्याच्या टायमाला. वाट्याजवळ सोन्याचे चार मणी व्हते. तीनच सापडू राहिले."

चांगुणाबाईचा घास हातातच राहिला. टेबलाखाली नाही, खिशात नाही, चपलेत नाही. मग तो गेला कुठे, हे सांगायला रणपिसे लागत नव्हता. टेबलावर उघड्या डब्या होत्या. डब्या बॉक्समध्ये गेल्या, बॉक्स पॅलेटवर, आणि एकशेवीस बॉक्सांचं ते पॅलेट शीतखोलीत. चारला कंटेनर भरायचा होता. तिथून बंदर, तिथून बोट, आणि मग परदेशातल्या कुण्या घरात एखादं लहान मूल डबी उघडणार आणि द्राक्ष म्हणून तोंडात टाकणार.

"मॅडमला सांगू," चांगुणाबाई म्हणाली.

"मावशी, नका!" पिंकीने तिचा हात धरला. "मला तर काढतीलच. पण हे का झालं म्हणून पुसलं तर गोष्टीचं निघंल. तुमचं नाव गेलंय वरती. मी सोन्यावर पाणी सोडलं, जाऊ द्या."

डबा घेऊन सिंधुबाई जवळ सरकली. ती तिच्या स्वभावाप्रमाणे थेट बोलली. "चांगुणे, परवा शनिवार हे. दोन दिस तोंड मिटून ऱ्हा. येवढासा मणी, कुणाला घावणार बी नाय. तुला काय तो उन्हाळा परत खळ्यावर काढायचा हे का?"

चांगुणाबाईने हातातला घास परत डब्यात ठेवला. तिला कांद्याचं खळं डोळ्यांपुढे दिसलं, टरफलांची धूळ आणि कंबरेतली ती कळ दिसली. गप्प राहणं किती सोपं होतं! फक्त काहीच करायचं नव्हतं. आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण या बायकांना तिने रणपिसे अर्धाच सांगितला होता.

"तुमाला एक सांगू?" ती म्हणाली. "गोष्टीतलं एक मी दर साली गाळत आले. पहिल्या साली सांगितलं तर तुमी म्हणल्या, मावशी हे सोडा, मारामारीचं सांगा. म्हणून गाळलं."

"काय गाळलं?"

"रणपिसे रोज काम संपलं की चौकीत जायचा. निलंबित झाला तरी जायचा, मागच्या दारानं. आन चौकीच्या डायरीत सोताच्या हातानं लिवायचा. आज मी अमक्याच्या घरात विनापरवाना शिरलो. आज मी तमक्याचं पत्र फोडलं. खाली सही. एक दिस चुकवला नाय. त्याचा शिपाई म्हणायचा, सायेब, कुणी पाह्यलं नाय, कशापायी लिवता? तर हा म्हणायचा, मी पाह्यलं ना." ती डब्याचं झाकण लावत उठली. "अर्धं पुस्तक त्या डायरीत हे गं. मी तुमाला नुसता धटिंगण सांगितला. चूक माझी हे."

वेदिका मॅडम शीतखोलीच्या दाराशी याद्या तपासत होती. चांगुणाबाईने सांगितलं ते एका दमात सांगितलं. गोष्ट, खोकला, मणी. पिंकीचं नाव तिने घेतलं नाही, "एकीची पोत" एवढंच म्हणाली. वेदिकेचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"मावशी, तुम्ही? तीन वर्षं? माझ्यासमोर?"

"व्हय."

"अहो, मी तुमचं नाव..." तिने वाक्य सोडून दिलं आणि घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. "एकशेवीस बॉक्स, बाराशे डब्या. सगळ्या उघडल्या तर माल गरम होईल आणि कंटेनरही चुकेल. उघडल्या नाहीत तर मी सही कशी करू? कुणाचा बॉक्स होता, किती वाजता भरला, काही तरी सांगता येईल का?"

किती वाजता, ते कुणालाच माहीत नव्हतं. हॉलमध्ये घड्याळ घालायला बंदी, मोबाइल बाहेर. पण चांगुणाबाईच्या डोक्यात काहीतरी लुकलुकलं.

"वाजले किती ते नाय सांगता येणार," ती म्हणाली. "पण खोकला कवा आला, ते सगळ्यांना ठाव हे."

टेबलाच्या बायकांना बोलावलं गेलं. प्रत्येक बॉक्सच्या चिठ्ठीवर बाईचा नंबर आणि तिचा तो दिवसातला कितवा बॉक्स, हे दोन आकडे असतात. चांगुणाबाईने रणपिश्यासारखं एकेकीला समोर घेतलं. फक्त तिच्या खिशात चणे नव्हते.

"तेरा नंबर. रणपिश्यानं बूट काढले तवा तुझा कितवा चालू व्हता?"

"आठवा. नाय, बुटाला आठवा संपला. जिन्यावर मी नववा लावला."

"सोळा?"

"गुडघा कुरकुरला तवा माझ्या हातात सडका घड व्हता. तो टाकून मी दहावा भरायला घेतला. खोकला आला तवा दहाव्यात चार डब्या झाल्या व्हत्या."

"तू गं?" तिने पिंकीकडे न बघता विचारलं.

"माझा सातवा," पिंकी म्हणाली. आणि मग मान वर करून, वेदिकेकडे बघत म्हणाली, "मॅडम, पोत माझीच व्हती. मावशी माझं नाव घेणार नाय, म्हणून मीच सांगू राहिले."

शेवटी सिंधुबाई. तिच्या काट्यावरून सगळ्यांच्या डब्या जात. तिने डोळे मिटले आणि खोकल्याच्या क्षणापासून रणपिश्याने काडी पेटवेपर्यंत कोणाच्या डब्या कोणत्या क्रमाने हाताखालून गेल्या, ते धडाधडा सांगितलं. ज्या बाईला घरचा फोन नंबर पाठ होत नाही, तिने. वेदिका लिहून घेत होती आणि लिहिता लिहिता एकदा तिने विचारलंही, "काडी कुणी पेटवली?" मग स्वतःच ओशाळून म्हणाली, "असू दे, पुढे बोला."

हिशेब जमला. चौघींचे मिळून अकरा बॉक्स.

तेवढेच पॅलेटवरून उतरवले. शीतखोलीतच, कुडकुडत, पाच जणी एकेक डबी उघडू लागल्या. घड उचलायचा, हलवायचा, खालची गादी झटकायची, परत भरायचं. पहिला बॉक्स, काही नाही. चौथा, काही नाही. सहाव्याला पिंकी मनात काहीतरी पुटपुटू लागली. आठव्या बॉक्सात, पंधरा नंबरच्या, म्हणजे खुद्द चांगुणाबाईच्या बॉक्सात, तिसऱ्या डबीच्या तळाला मोहरीएवढं काहीतरी चमकलं.

"घावला गं बये!" सिंधुबाई अशी ओरडली की बाहेरचा ट्रकवाला दारात डोकावला.

पिंकीने मणी कपाळाला लावला आणि ती चांगुणाबाईच्या गळ्यात पडली.  वेदिकेने उरलेले तीन बॉक्सही उघडून पाहिले, सगळे परत बंद केले आणि मगच श्वास सोडला.

पण प्रकरण तिथे मिटणार नव्हतं. ऑफिसात एक नोंदवही असते. हॉलमध्ये काही चूक, काही मोडतोड झाली तर त्यात लिहायची. गेली तीन वर्षं रोज त्यात एकच शब्द होता: निरंक. वेदिकेने पेन उघडलं, आधी शनिवारच्या यादीतलं चांगुणाबाईचं नाव खोडलं आणि मग वही पुढे ओढली.

"मी लिवते," चांगुणाबाई म्हणाली.

सातवीतल्या गोल अक्षरात तिने लिहिलं: आज मी हॉलमध्ये गोष्ट सांगत होते. बोलायला बंदी आहे हे मला माहीत होतं. माझ्या गोष्टीमुळे मणी मालात गेला. माझ्याच बॉक्सात सापडला. खाली सही. पिंकीने पेन जवळजवळ हिसकावून घेतलं आणि खाली लिहिलं: पोत मी आत घातली होती. ती वाढली. मी लगेच सांगितलं नाही. चौदा नंबर.

कंटेनर वेळेत गेला. पाच वाजता वाल्मीक आप्पा आले. आप्पा म्हणजे जाड मिशा, पांढरा शर्ट, स्वतःच्या बागेतल्या चार पेट्यांपासून हे सगळं उभं केलेला माणूस. त्यांनी वही वाचली, चष्मा कपाळावर सरकवला.

"अकराच बॉक्स? येवढ्या पॅलेटातले बरोबर अकराच कसे उघडले?"

वेदिकेने सांगितलं. सांगताना तिला जरा लाज वाटत होती, पण मधूनच तिचा आवाज चढत होता. बूट, गुडघा, खोकला, काडी. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोर उभ्या चांगुणाबाईकडे पाहिलं.

"कोण खोकलं?"

"आं?"

"दारामागं. कोण व्हतं?"

"राखणदाराची बायको, आप्पा. तिनं आग लावणाऱ्याला पाह्यलेलं, म्हणून शेटजीनं कोंडून ठेवलेली. रणपिश्यानं तिला पाठीवर घेऊन जिना उतरवला. तिच्या साक्षीवर शेटजीला जन्मठेप झाली."

"आन रणपिसे? त्याला बक्षीस?"

खोलीत पंखा फिरत होता. चांगुणाबाईला एकदम कळलं की हे सगळं पुस्तकाबद्दल चाललेलं नाही. शेवट थोडा गोड केला असता तर कुणाला कळणार होतं? पुस्तक या खोलीत तिच्याशिवाय कुणी वाचलेलं नव्हतं.

"त्याची नोकरी गेली," ती म्हणाली. "शेटजीच्या वकिलानं डायरी मागवली. त्यात येकतीस नोंदी, सगळ्या याच्या अक्षरात. कमिशनर सायेबानं वाचून दाखवल्या. दुसरा साक्षीदारच लागला नाय. रणपिश्यानं पट्टा काढून टेबलावर ठेवला, नळावर हात धुतले आन गेला. संपलं पुस्तक."

आप्पांनी मिशी चोळली. "मग बरोबर केलं का त्या कमिशनरनं?"

वेदिका जमिनीकडे बघू लागली. पिंकीने पदर तोंडात धरला.

"कायद्यानं बरोबर केलं, आप्पा. रणपिसे येका शब्दानं भांडला नाय. नियम मोडला तो मोडलाच." चांगुणाबाई थांबली. "पण मी लय साल यावर इचार केला. त्या दिसानंतर त्या चौकीच्या डायरीत कुणी खरं लिवलं नसंल."

आप्पांनी वही परत ओढली. मागची पानं उलटली. निरंक, निरंक, निरंक. एक पान, दहा पानं, तीन वर्षं. सत्तर बायका, चार महिने, आणि कुणाच्या हातून एकही चूक नाही, हे त्यांनी आजवर कौतुकाने वाचलं होतं. आता त्यांचं बोट त्या शब्दावरून फिरत राहिलं आणि कपाळाला आठी पडली.

"दोघींचा उद्या खाडा," ते म्हणाले. "हॉलात बोलणं बंद म्हंजे बंद. गोष्ट जेवणाच्या सुट्टीत, पत्र्याखाली."

"व्हय, आप्पा," दोघी म्हणाल्या.

"आन मॅडम, शनिवारच्या यादीतलं हिचं नाव कशाला खोडलं? परत लिवा. तपासणीला मला अशीच बाई पाह्यजे."

 चांगुणाबाई बाहेर आली आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली. पिंकीला वाटलं मावशी रडतायत, आणि तिला वाटलं ते खरंच होतं.

सोमवारी सकाळी वेदिकेने ऑफिस उघडून शनिवारचं राहिलेलं निरंक लिहायला वही पुढे घेतली, तर जागा शिल्लक नव्हती. चांगुणाबाई आणि पिंकीच्या नोंदी, मग शुक्रवारचं निरंक, आणि त्याखाली तीन नव्या ओळी होत्या, तीन निरनिराळ्या वेड्यावाकड्या हातांच्या. एकीने नखाला रंग असल्याचं कबूल केलं होतं. एकीने खोकला असताना कामावर आल्याचं लिहिलं होतं. तिसरीने लिहिलं होतं: शनिवारी उजव्या हातातली बांगडी काढली नाही. फार घट्ट बसली आहे. थोडा साबण द्यावा. नऊ नंबर.

वेदिकेने त्या तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. मग ती उठली, हात धुवायच्या जागेवरचा नवा साबण उचलला आणि नऊ नंबरला शोधायला हॉलकडे निघाली.